हेड कोणतं, ते आधी विचारा

एप्रिल २०२०मध्ये करोनामुळे आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले, तेव्हा पुण्याच्या दत्तवाडीत एकच प्रश्न दारोदार फिरत होता. "महापालिकेला कोट्यवधी आलेत म्हणे, मग आपल्यापर्यंत काय पोचलं?" मी तीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेब लिहिलेत. "कोट्यवधी आले" असं कुणी म्हटलं की माझं डोकं लगेच व्हाउचर शोधायला लागतं. कुणाकडून आले? कशासाठी आले? कोणत्या खात्यात पडले? गल्लीत कुणालाच ते ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पुढची दोन वर्षं मी शेजारपाजारच्या लोकांचे अर्ज भरत, खिडक्यांवर उभी राहत ते शिकले. पुन्हा तशी वेळ आली तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतेय.

लोक खिडकीवर जाऊन विचारायचे, "पैसे कधी मिळणार?" खिडकीतला माणूस सांगायचा, "आमच्याकडे नाही." बहुतेक वेळा तो खरंच बोलत असायचा, कारण पैसे दुसऱ्याच कार्यालयात असायचे. त्याऐवजी "हे कोणत्या हेडमधून येतं?" असं विचारलं की त्याच खिडकीतून निदान पत्ता तरी मिळतो. हेड म्हणजे लेखाशीर्ष, हिशेबात पैसा ज्या नावाखाली येतो आणि खर्ची पडतो ते नाव. मदतनिधी नावाची एक मोठी पेटी कुठेतरी भरून ठेवलेली असते आणि आयुक्त त्यातून मुठीने वाटतात, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका. खिसे वेगवेगळे असतात, आणि प्रत्येक खिशाचं टेबल वेगळं, कागद वेगळे.

पहिला खिसा महापालिकेचा स्वतःचा, म्हणजे वार्षिक अंदाजपत्रक. आयुक्त ते नगरसेवकांच्या स्थायी समितीला देतात, समिती त्यात आपली भर घालते आणि शेवटी मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, ते मंजूर करते. २०२०-२१साठी आयुक्तांनी ६,२२९ कोटींचं अंदाजपत्रक मांडलं होतं, स्थायी समितीने ते ७,३९० कोटींवर नेलं. हे झालं जानेवारी-फेब्रुवारीत. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले, त्यांना नायडू रुग्णालयात ठेवलं, आणि पंधरा दिवसांत सगळं शहर बंद. अंदाजपत्रकात साथीसाठी वेगळी रक्कम कोण कशाला धरेल? रस्ते होते, ड्रेनेज होतं, नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची 'स' यादी होती. औषधं, विलगीकरण केंद्रं, तपासणी, जेवण, सगळ्याला पैसा यातूनच काढायचा होता.

तो काढायची रीत म्हणजे वर्गीकरण. एका कामाची तरतूद उचलून दुसऱ्या कामाला द्यायची. साधी गोष्ट आहे, पण गल्लीतल्या चर्चेत ती कधीच येत नाही. साथीवर खर्च झालेला प्रत्येक रुपया आधी कुठल्यातरी दुसऱ्या कामाच्या नावावर होता. तुमच्या समोरचा रस्ता त्या वर्षी झाला नसेल, तर त्याचं उत्तर कदाचित वर्गीकरणाच्या ठरावात सापडेल.

एरवी वर्गीकरणाचा प्रस्ताव समितीपुढे जातो, चर्चा होते, वेळ लागतो. साथ काही थांबत नाही. त्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६७ (३) (क) आहे. महापालिकेत सगळे त्याला 'सदुसष्ट तीन क' म्हणतात. माणसांच्या जिवाला धोका असेल अशा अचानक संकटात आयुक्त ताबडतोब पावलं उचलू शकतात, तरतूद नसली तरी खर्च करू शकतात. लोकांना एवढंच माहीत असतं. कलमाचा उरलेला भाग कुणी वाचत नाही. काय केलं, का केलं आणि किती खर्च आला किंवा येणार आहे, हे आयुक्तांनी लगेच स्थायी समितीला आणि मुख्य सभेला कळवायचं असतं. निविदा टळते, हिशेब टळत नाही. त्यामुळे अशा प्रत्येक तातडीच्या खर्चामागे एक अहवाल असायलाच हवा, आणि तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. कसा मागायचा, ते पुढे सांगते.

(साथीचा रोग अधिनियम १८९७ सालचा. प्लेगच्या वेळचा. रँडसाहेब पुण्यात घराघरात शिरत होता ते वर्ष. राज्य सरकारने मार्च २०२०मध्ये तोच कायदा पुन्हा लागू केला. मी तो मुद्दाम काढून वाचला. अगदी छोटा आहे. पण त्याच्या कलम २मध्येच लिहिलंय की खर्च, आणि द्यायची असेल तर भरपाई, कुणी आणि कशी सोसायची तेही सरकारने ठरवावं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनालाही हेडचं महत्त्व कळत होतं.)

दुसरा खिसा जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, कागदोपत्री एसडीआरएफ. आपल्यासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. १४ मार्च २०२०ला केंद्राने करोनाला या निधीपुरती आपत्ती मानलं. सकाळच्या पत्रात मृताच्या वारसाला ४ लाख रुपये देण्याची तरतूद होती, त्याच दिवशीच्या सुधारित पत्रात ती गायब झाली. आमच्याकडे पुढे वर्षभर लोक त्या चार लाखांसाठी फॉर्म विकत घेत होते. दहा रुपयांना एक झेरॉक्स. जो फॉर्म अस्तित्वातच नव्हता, त्याचा धंदा झाला.

या निधीतून काय चालतं त्याची यादी असते. विलगीकरण केंद्रातल्या माणसांचा निवारा, जेवण आणि औषधपाणी, तपासणी, प्रयोगशाळा, डॉक्टर-सफाई कामगारांची सुरक्षा साधनं, व्हेंटिलेटर. नंतर बेघर आणि अडकलेल्या मजुरांच्या छावण्याही त्यात आल्या. वर्षाच्या निधीतला किती भाग करोनावर वापरायचा यालाही मर्यादा होती, सप्टेंबर २०२०मध्ये केंद्राने ती ३५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. मुद्दा असा की या खिशातून घरपोच रोख रक्कम निघत नव्हती. "माझी नोकरी गेली, मला आपत्ती निधीतून द्या" असा अर्ज कितीही कळकळीने लिहिला तरी त्या यादीत बसत नाही. महापालिका जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करते, पैसे येतात, खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र जातं, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्चला असं लिहून द्यायचं. ते वेळेवर गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो. पतसंस्थेतही हेच चालायचं, फक्त शून्यं कमी.

जिल्हा वार्षिक योजना हा तिसरा. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती तो सांभाळते. २०२१-२२मध्ये त्यातला ३० टक्के पैसा करोनावर वापरायची मुभा होती. खासदार निधी मात्र त्या काळात मागून उपयोग नव्हता, कारण एप्रिल २०२०मध्येच केंद्राने तो थांबवला होता. हे ठाऊक नसलेली आमच्या मंडळाची मुलं खासदारांच्या कार्यालयात दोन चकरा मारून आली.

आता ज्यात माणसाच्या हातात रक्कम पडते तो भाग.

१३ एप्रिल २०२१ला मुख्यमंत्र्यांनी निर्बंध जाहीर करताना ५,४७६ कोटींचं पॅकेज सांगितलं. त्यातले ३,३०० कोटी जिल्हा प्रशासनाला करोनाच्या सोयींसाठी होते. उरलेल्यातून परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम कामगार आणि घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये. दूरदर्शनवर सगळ्यांनी 'पंधराशे' ऐकलं, 'नोंदणीकृत' हा शब्द कुणी ऐकला नाही. आमच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या अकरा मावश्या माझ्याकडे आल्या. घरेलू कामगार मंडळाची नोंदणी चालू असलेलं कार्ड तिघींकडेच होतं. चौघींकडे कार्ड होतं पण नूतनीकरण राहिलं होतं, एकीचं कार्ड मालकिणीच्या कपाटात होतं. उरलेल्या तिघींनी मंडळाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं, आणि त्यांतलीच एक सगळ्यांत जास्त अडचणीत होती.

सरकार संकटात नव्याने गरीब शोधत बसत नाही. आधीपासून तयार असलेल्या यादीत पैसे टाकतं. म्हणून मदतीची तयारी साथ नसतानाच करायची असते. घरकामगार मंडळ, बांधकाम कामगार मंडळ, पथारीवाल्यांचं प्रमाणपत्र, रिक्षाचा परवाना, रेशनकार्ड. यातलं जे लागू असेल ते जिवंत ठेवा. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी वस्तीत सगळ्यांची कार्डं बघते, फराळाच्या याद्यांबरोबर. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का हेही तेव्हाच बघा, कारण पैसे यादीत नाव असूनही परत जातात ते बहुतेक इथेच.

वस्तूंच्या मदतीबद्दल थोडंसंच सांगते. कोरडा शिधा आला तर वाटप नोंदवहीत सही करण्याआधी तिच्यात पिशवीतला माल लिहिलाय का ते बघा. आमच्याकडे वाटायला आलेली पोरं कोऱ्या कागदावर ओळीने सह्या घेत होती. "काकू, नंतर भरतो वरचं," म्हणाली. मी म्हटलं, "आधी भर बाळा, मग सही." पोरगा वैतागला. पण त्याने 'तांदूळ ५, गहू ५, तेल १' लिहिलं, आणि मगच लक्षात आलं की आमच्या पिशवीत तेल नव्हतंच. त्याचाही दोष नसेल, टेम्पोत पिशव्या भरताना राहिलं असेल. दुपारी तेल आलं.

सगळ्यांत जास्त वेळ मी घालवला तो करोनाने गेलेल्या माणसाच्या वारसाला मिळणाऱ्या ५०,००० रुपयांच्या सानुग्रह अनुदानावर. ३० जून २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला रक्कम ठरवायला सांगितलं, सप्टेंबरमध्ये ती ठरली, नोव्हेंबरमध्ये राज्याचा शासन निर्णय निघाला आणि अर्ज ऑनलाइन सुरू झाले. हेड राज्य आपत्ती निधीचंच. म्हणजे २०२०मध्ये ज्या खिशातून वारसाला काही मिळत नव्हतं, त्याच खिशाला दीड वर्षाने न्यायालयाने हात घालायला लावला.

समोर राहणाऱ्या मावशींचे यजमान एप्रिल २०२१मध्ये गेले. तपासणीत पॉझिटिव्ह आले, खाट मिळाली, बरे होऊन घरी आले आणि चाचणीनंतर सतराव्या दिवशी घरीच गेले. मृत्यू दाखल्यावर करोना लिहिलेला नव्हता. घरच्यांनी "आपल्याला नाही मिळायचं" म्हणून विषय सोडून दिला होता. माझ्या मते त्या काळात सगळ्यांत जास्त पैसे बुडाले ते या एका गैरसमजामुळे. नियम असा होता की चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो करोनाचा धरायचा, मग तो घरी झालेला असला तरी. आणि दाखल्यावर करोनाचा उल्लेख नाही एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं होतं. तुमचा आधार दाखला नाही, चाचणीचा अहवाल आहे. तो सगळ्यांत वर लावा.

मावशींच्या फाइलमध्ये मी काय लावलं ते सांगते. चाचणीचा अहवाल, त्यावरचा एसआरएफ क्रमांक, म्हणजे नमुन्याच्या फॉर्मचा नंबर, लाल पेनाने अधोरेखित करून. मृत्यू दाखला. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड. मृताचं आणि अर्जदाराचं आधार. अर्जदाराच्या पासबुकाचं पहिलं पान आणि रद्द केलेला चेक. बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र. या शेवटच्या कागदाला लोक किरकोळ समजतात. मावशींचा पहिला अर्ज नाकारला गेला तो याच्यामुळे. गावाकडच्या दिरांनी त्याच मृत्यूसाठी तिकडून आपला अर्ज भरून टाकला होता. वाईट हेतू नव्हता, "वहिनीला जमणार नाही" असं त्यांना वाटलं. पोर्टलला एका मृत्यूचे दोन अर्ज दिसले आणि दोन्ही अडकले. म्हणून अर्ज भरण्याआधी सगळ्या घराला फोन करा आणि एकच माणूस ठरवा.

दुसरी अडचण नावाची. अहवालावर घरगुती नाव, आधारवर कागदोपत्री नाव. शिबिरात रांगेत उभ्या माणसाने घरात हाक मारतात ते नाव सांगितलं होतं. अशा वेळी शपथपत्रापर्यंत धावण्याआधी मोबाइल नंबर जुळतो का बघा. तपासणीच्या नोंदीत नंबर असतो. मावशींच्या मुलाचाच नंबर दिलेला होता, त्यावरून नोंद सापडली.

अर्ज नाकारला तर घरी बसायचं नाही. त्यासाठी तक्रार निवारण समिती होती, डॉक्टर आणि प्रशासनाचे अधिकारी असलेली. तिच्याकडे जाताना 'माझ्यावर अन्याय झाला' अशी दोन पानं लिहू नका. तारखा लिहा. चाचणी अमुक तारखेला, मृत्यू अमुक तारखेला, मधले दिवस १७, नियम ३० दिवसांचा. माझा पूर्ण अर्ज नऊ ओळींचा होता. पैसे दोन महिन्यांनी जमा झाले. पुढे मार्च २०२२मध्ये न्यायालयाने मुदतही घालून दिली. २० मार्च २०२२पूर्वीच्या मृत्यूंसाठी ६० दिवस, त्यानंतरच्यांसाठी मृत्यूपासून ९० दिवस. ती उलटून गेल्यावर माझ्याकडे दोन कुटुंबं आली. कागद सगळे चोख होते.

मुलांचं खातं वेगळं, महिला व बालविकास विभागाचं. दोन्ही पालक गेलेल्या मुलासाठी राज्याने ५ लाखांची मुदत ठेव ठरवली होती. एक पालक गेला असेल तर बालसंगोपन योजनेतून महिन्याला त्या वेळी १,१२५ रुपये. पन्नास हजारांचा अर्ज केला म्हणजे हेही आपोआप मिळेल असं नाही, दारं निरनिराळी आहेत.

आता शोधाशोधीकडे. पैसा आला, खर्च झाला, आपल्या भागात किती, हे बघायचं असेल तर पहिला आणि फुकटचा रस्ता सोमवारचा. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात स्थानिक संस्थांच्या कार्यालयात नागरिकांना फायली पाहू द्याव्यात, असा राज्याचा शासन निर्णय २०१८मध्ये निघाला. पुण्यात तर ही पद्धत त्याच्या आधीपासून होती. क्षेत्रीय कार्यालयं पंधरा आहेत, आपलं कोणतं ते आधी नक्की करा. वही न्या, चष्मा न्या, पाण्याची बाटली न्या. फायलीत विषयपत्र, म्हणजे मंजुरीसाठी ठेवलेला प्रस्ताव, शोधा. त्यातल्या चार गोष्टी वहीत उतरवा: तारीख, रक्कम, कोणत्या तरतुदीतून वर्ग केली आणि सही कुणाची. बाकीची दहा पानं 'सदर', 'उपरोक्त' आणि 'तरी' यांनी भरलेली असतात, ती सोडून द्या.

फाइल दाखवली नाही, किंवा पाहिली पण प्रत हवी असेल, तर माहिती अधिकार. माझा पहिला अर्ज असा होता: "आमच्या भागाला मदत कमी का मिळाली आणि याला जबाबदार कोण?" उत्तर एका ओळीत आलं की अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. मला राग आला होता. शांत झाल्यावर कळलं की उत्तर बरोबर होतं. 'का' हा प्रश्न कागदाला विचारता येत नाही. कागद मागावा लागतो. दुसऱ्या अर्जात मी लिहिलं:

"१ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१ या काळात महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ (३) (क) खाली केलेल्या खर्चाबाबत मा. आयुक्तांनी स्थायी समितीपुढे ठेवलेल्या अहवालांच्या व त्यावरील ठरावांच्या प्रती मिळाव्यात."

बस, एवढंच. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे राज्य आपत्ती निधीचा प्रश्न यात कोंबू नका. तो जिल्हाधिकारी कार्यालयात वेगळा टाका आणि त्यात मंजुरीचे आदेश आणि उपयोगिता प्रमाणपत्रं मागा. जोडपत्र 'अ'चा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पोचपावतीवर शिक्का. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपयांचा स्टँप लावून. मला दुसऱ्या अर्जाचं उत्तर अपिलाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळालं. असं बऱ्याचदा होतं, म्हणून अपील टाकायला आळस करू नका.

एक बारीक गोष्ट, पण मला ती महत्त्वाची वाटते. सदुसष्ट तीन कचा अहवाल स्थायी समितीकडे जातो, कारण तिथे सोळा नगरसेवक बसलेले असतात आणि कुणीतरी प्रश्न विचारेल अशी अपेक्षा असते. १४ मार्च २०२२ला महापालिकेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. पुढची काही वर्षं स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकारही त्यांच्याकडेच होते. म्हणजे त्या काळात असा खर्च झाला असेल तर अहवाल देणाराही तोच आणि घेणाराही तोच. अशा वर्षांचे कागद मागताना अर्जात 'स्थायी समिती' एवढंच लिहून थांबू नका. 'प्रशासकांनी स्थायी समितीचे अधिकार वापरून केलेले ठराव' असे शब्द घाला. नाहीतर "सदर काळात समिती अस्तित्वात नव्हती" असं एका ओळीचं उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल.